महागडी थीम हॉटेलं: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

पागोळी
या विषयावरचे प्रतिसाद वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा स्वतंत्र धागा. भिंतीवर चार चित्रं रंगवली आणि दाराला वेगळं नाव दिलं, अशा खोल्या इथे अभिप्रेत नाहीत. पाहुण्याला एखाद्या कथेत, काळात किंवा अगदी निराळ्या जागी नेऊन ठेवायचं आणि त्याचे साध्या खोलीच्या तिप्पट-चौपट पैसे घ्यायचे, अशा हॉटेलांबद्दल बोलूया. ते पैसे वाजवी असतात का, आणि बुकिंग करण्याआधीच ते ओळखायचं कसं? "हौसेला मोल नसतं" एवढ्यावर थांबू नका. आकडे, वेळा, अडचणी लिहा.

वजाबाकी
हे मोजता येतं. एकूण रकमेतून तीन गोष्टी वजा करा: त्याच भागातल्या तेवढ्याच आकाराच्या साध्या खोलीचं भाडं, पॅकेजमधलं जेवण आणि पॅकेजमधली तिकिटं. जेवण-तिकिटं तुम्ही एरवीही घेतली असती तरच वजा करायची. जी गोष्ट तुम्ही कधी विकत घेतलीच नसती, तिची छापील किंमत वजा करून स्वतःची समजूत घालू नये. उरतो तो थीमचा अधिभार. त्याला आधी माणसांच्या संख्येने भागा, मग जागेपणीच्या तासांनी.

या तासांतच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दुपारी ३ ला चेक-इन आणि दुसऱ्या दिवशी ११ ला चेक-आउट म्हणजे २० तास. झोपेचे ८ गेले, आंघोळ-आवराआवर-सामान यांत २ गेले, उरले १०. त्यातले ५ बाहेर भटकण्यात घालवले तर हातात राहतात ५. सगळा अधिभार ५ तासांवर पडला की तोच आकडा डोळ्यांत खुपायला लागतो.

मोठं उदाहरण घ्या. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं 'स्टार वॉर्स: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर' हे अंतराळयानाच्या रूपातलं, कलाकारांसोबत कथेत राहायचं हॉटेल १ मार्च २०२२ ला सुरू झालं आणि सप्टेंबर २०२३ अखेर बंद पडलं. १०० केबिन, दोन रात्रींचा ठरावीक 'प्रवास', दोघांसाठी किंमत ४,८०९ डॉलरपासून पुढे. म्हणजे माणशी साधारण २,४०० डॉलर. पहिल्या दिवशी दुपारी चढायचं, तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं; झोप सोडली तर सुमारे ३० तास. तासाला माणशी ८० डॉलर पडले, त्यात जेवण आणि शेजारच्या पार्कचं एका दिवसाचं तिकीट आलं. खोलीचं भाडं म्हणून ही रक्कम भयंकर वाटते, पण थेट सादरीकरणाचं तिकीट म्हणून पाहिली तर तितकी अवाजवी नाही. प्रश्न एवढाच की ३० तास सलग नाटकात राहायची हौस आणि ताकद किती जणांत असते.

सरळमार्गी
आकडे मान्य, निष्कर्ष मान्य नाही. तासाने भागणं म्हणजे दुकानदाराची सोय. रक्कम एकरकमी जाते, तासातासाने जात नाही. शिवाय यातल्या बऱ्याच ठिकाणांचा गाभा मुक्काम न करताही मिळतो, हे कुणी सांगत नाही.

नैरोबीचं जिराफ मॅनर प्रसिद्ध आहे ते न्याहारीच्या वेळी खिडकीतून मान आत घालणाऱ्या जिराफांमुळे. तेच जिराफ शेजारच्या जिराफ सेंटरमध्ये साध्या प्रवेश-तिकिटात हाताने भरवता येतात. डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉजमध्ये (२००१ पासून) प्राणी चरतात ते गवताळ मैदान दिसणाऱ्या खोलीला जास्त पैसे पडतात, पण त्याच मैदानाकडे बघायला लॉजच्या सार्वजनिक भागात सज्जे आहेत. तिथे उभं राहायला तो महागडा सज्जा लागत नाही. मालदीवमध्ये एकाच रिसॉर्टवर समुद्रतळाशी जेवायची जागाही आहे आणि झोपायचीही: इथा हे रेस्टॉरंट २००५ पासून, मुराका हा निवास २०१८ पासून, दोन्ही पाण्याखाली सुमारे ५ मीटर. मासे बघायचे तर जागेपणी. मग दुपारचं एक जेवण आणि रात्रभराची झोप यांतल्या फरकाचे पैसे का मोजायचे?

नेपथ्य
सरळमार्गी, 'गाभा मुक्कामाशिवाय मिळतो का' ही कसोटी उत्तम आहे, जागेवर आधारलेल्या हॉटेलांना ती चपखल लागते. माणसांवर आधारलेल्या हॉटेलांना मात्र लागत नाही, आणि मोठा पैसा तिथेच जातो. तो कुठे जातो ते सांगतो.

देखावा एकदा उभारला की त्याचा खर्च वर्षांवर विभागला जातो. रोजचा खर्च असतो पात्रांचा. समजा १२ कलाकार दिवसाला प्रत्येकी ६ तास पाहुण्यांत वावरतात. म्हणजे ७२ कलाकार-तास. पाहुणे ३००. माणशी वाट्याला १४.४ मिनिटं. एक कलाकार एका वेळी १० जणांना गुंतवतो असं धरलं तर प्रत्येक पाहुणा दिवसातले सुमारे २ तास २४ मिनिटं खऱ्या अर्थाने कथेत असतो. बाकीचा वेळ तो देखाव्यात फिरतो, रांगेत उभा राहतो किंवा फोनवर सूचना वाचतो. म्हणून बुकिंगआधी विचारायचा पहिला प्रश्न हा: एका वेळी पाहुण्यांत किती पात्रं असतात, किती तास, आणि भरलेल्या दिवशी पाहुणे किती? विकणाऱ्याला हे सांगता आलं नाही तर तुम्ही सजावट विकत घेताय असं समजा.

दुसरी गोष्ट तुकडीची. साध्या हॉटेलात आज ४० खोल्या भरल्या, उद्या ९०, तर त्याप्रमाणे साफसफाईची आणि स्वयंपाकघराची माणसं कमी-जास्त करता येतात. कथेच्या हॉटेलात सगळे पाहुणे एकाच वेळी आत येतात आणि एकाच वेळी बाहेर पडतात. निम्म्या केबिन रिकाम्या असल्या तरी खलनायक लागतोच, त्याचा बदली कलाकारही लागतो, ध्वनी-प्रकाशाची माणसं लागतात. खर्च खाली येत नाही. त्यात कथा तीच असल्यामुळे एकदा आलेला पाहुणा सहसा लगेच परत येत नाही. दर तुकडीला नवी गिऱ्हाइकं, तीही एवढे पैसे मोजणारी, शोधावी लागतात. अशी हॉटेलं वाईट नसतानाही बंद पडतात ती याच गणितामुळे.

माणसं काढून यंत्रं आणली की प्रश्न सुटतो असंही नाही. जपानमधलं 'हेन ना हॉटेल' २०१५ मध्ये नागासाकीजवळ यंत्रमानवांच्या भरवशावर सुरू झालं. २०१९ मध्ये त्यांनी २४३ यंत्रांपैकी निम्म्याहून जास्त काढून टाकली. खोलीतली बोलकी बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजून रात्री त्याला उठवायची. यंत्रांनी काम वाचवायच्या ऐवजी त्यांची निगा राखणारी माणसं वाढली. गंमत पहिल्या दहा मिनिटांत संपते आणि गैरसोय रात्रभर राहते, हे गणित कुठल्याही थीमला लागू आहे.

उंबरठा
नेपथ्य यांनी माणसांचं लिहिलं, मी खोलीचं लिहितो. देखाव्याचा खर्च एकदाच होतो हे पूर्ण खरं नाही. देखावा झिजतो, आणि साध्या खोलीपेक्षा लवकर झिजतो.

साध्या हॉटेलात दिवा गेला, खुर्ची मोडली तर गोदामातून दुसरी येते. थीमच्या खोलीतली प्रत्येक वस्तू मापाची आणि एकदाच बनवलेली. जहाजाच्या आकाराचा पलंग मोडला तर सुतार, रंगारी आणि मूळ नकाशा तिघांची गाठ पडेपर्यंत खोली बंद ठेवावी लागते. हॉटेलाला बंद खोली परवडत नाही, म्हणून ठिगळ लावून विकली जाते. भिंतीवरचा खडक फायबरग्लासचा असतो. चाकांच्या बॅगा कोपऱ्यांवर आपटून जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत त्याचे टवके उडतात आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. फोटो नेहमी डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतात, त्यामुळे हे त्यांत येत नाही. परीक्षणं वाचताना पाहुण्यांनी काढलेले दाराच्या चौकटीचे, पलंगाच्या पायथ्याचे आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याचे फोटो शोधा. ते तीन कोपरे ठीक असले तर बाकीची निगा चांगली असते.

प्रकाशाचंही तसंच. एलईडीची पट्टी अर्धी गेली आणि नवी वेगळ्या खेपेतली लावली की एकाच भिंतीवर दोन छटा दिसतात, एक किंचित हिरवट, एक पिवळट. प्रोजेक्टरची जाळी महिनोन्महिने साफ झाली नाही की आतली उष्णता वाढते, पंखा जोरात फिरतो, चित्र मंद होतं. 'आकाशाची खिडकी' म्हणून छतावर टाकलेलं चित्र धुरकट दिसतं ते बहुधा याच कारणाने. रात्री त्या पंख्याची घरघर अगदी उशाशी येते. पार्श्वध्वनी ठरावीक वेळाने पहिल्यापासून वाजतो. तो २० मिनिटांचा असेल तर तासाभरात तीनदा तोच कावळा, तीच घंटा. खोलीतला आवाज पूर्ण बंद करायचं बटण आहे का, हे आधी विचारून घ्या. नुसता कमी करता येत असेल तर भिंतीपलीकडचा ऐकू येतोच.

आणि गादीची लांबी! गाडीच्या, होडीच्या, गुहेच्या आकाराच्या पलंगांना गाद्या मापाच्या असतात. दोन्ही बाजूंना कड असली की आतली उपयोगी लांबी १८५ सेंटिमीटरवर येऊ शकते. सहा फुटी माणसाचे पाय कडेला टेकतात. ईमेल करून आतली लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून मागा.

खिडकी नसलेल्या खोल्यांबद्दलही एक. खोट्या खिडकीत अंतराळ किंवा समुद्र दिसतो, सकाळ दिसत नाही. शरीराला उजाडल्याचं कळत नाही, जाग उशिरा आणि जड येते. एका रात्रीला चालतं. दुसऱ्या रात्रीनंतर चिडचिड दिसायला लागते, विशेषतः मुलांत.

शेकोटी
सरळमार्गी यांच्या यादीत एक प्रकार सुटला. काही ठिकाणी मुक्काम हाच गाभा आहे, दिवसाच्या तिकिटात तो मिळतच नाही.

स्वीडनच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या वर साधारण २०० किलोमीटरवर, युक्कासयार्वी इथे १९८९ पासून बर्फाचं हॉटेल उभं राहतं. टॉर्ने नदीतून वसंताच्या सुरुवातीला बर्फाच्या लाद्या कापून उन्हाळाभर साठवतात, हिवाळ्यात त्यांचं बांधकाम होतं आणि पुढच्या वसंतात ते वितळून नदीत जातं. २०१६ पासून बारमाही गार ठेवलेला भागही आहे. खोलीतलं तापमान उणे ५ ते उणे ८ अंश सेल्सिअस, बाहेर कितीही थंडी असली तरी. पलंग बर्फाचा, वर गादी, रेनडिअरची कातडी, आणि तुम्ही जाड स्लीपिंग बॅगमध्ये.

इथे दिवसाचं तिकीट काढून सगळ्या कोरलेल्या खोल्या बघता येतात, तुमचीसुद्धा! संध्याकाळपर्यंत ती इतरांसाठी उघडी असते, म्हणजे दुपारी खोलीत जाऊन पडता येत नाही. सामान गरम इमारतीतल्या कपाटात राहतं. साध्या बर्फखोल्यांना संडासही त्याच गरम इमारतीत आहे, मध्यरात्री बॅगेतून निघून तिथवर चालावं लागतं. म्हणून झोपण्याआधी दोन तास द्रवपदार्थ कमी घ्या.

कपड्यांत सगळ्यांत जास्त चुका होतात. थंडीच्या भीतीने लोक स्वेटरवर स्वेटर घालून बॅगेत शिरतात, घाम येतो, ओलावा आत अडकतो आणि पहाटे तीनला कुडकुडायला लागतात. अंगाला लागून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा एकच थर, कोरडे मोजे, कानटोपी, बस. सुती काहीही नको, सुती कापड घाम धरून ठेवतं. फोन आणि कॅमेऱ्याची बॅटरी बॅगेत अंगाजवळ ठेवा, उघड्यावर ती झपाट्याने उतरते. आणि बर्फात एकच रात्र घ्या. त्याच आवारात गरम खोल्या आहेत, दुसरी रात्र तिथे. बर्फाची दुसरी रात्र पहिलीपेक्षा नवं काही देत नाही, पैसे मात्र तेवढेच घेते.

त्या एका रात्रीला माझं मत 'हो' असं आहे. बर्फाच्या आत किती शांतता असते हे दिवसाच्या गर्दीत कळणं शक्य नाही. भिंती आवाज शोषून घेतात, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो.

फ्लोरिडातल्या की लार्गोचं ज्यूल्स अंडरसी लॉजही याच प्रकारातलं, १९८६ पासूनचं. पूर्वीची पाण्याखालची प्रयोगशाळा, साधारण २१ फूट खाली, आणि दाराशी पोहून जावं लागतं, स्कूबाची साधनं लावून. तिथे लोकांच्या सहलीची आखणी कोलमडते ती परतीच्या विमानामुळे. २१ फुटांवर दाब जमिनीवरच्या सुमारे १.६ पट. रात्रभर त्या दाबात राहिल्यावर शरीरात नायट्रोजन मुरतो, आणि लगेच विमानात बसलं तर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून वर आल्यावर २४ तास विमानप्रवास नाही. म्हणजे एक जादा रात्र जमिनीवर काढायची. तिचं भाडं अधिभारात धरा, वजाबाकी यांच्या सूत्रात ते बसत नव्हतं.

वजाबाकी
बरोबर, दुरुस्ती मान्य. अधिभारात 'या मुक्कामामुळे वाढलेला बाकीचा खर्च' मिळवायला हवा: जादा रात्र, वेशभूषा, सामानाची ने-आण, आत मिळणाऱ्या वस्तू. वेशभूषा ऐच्छिक आहे असं सांगतात, पण नव्वद टक्के पाहुणे सजून आलेले असले की साध्या कपड्यांतली मुलं दुसऱ्या तासाला दुकानाकडे ओढतात. कपडे आधीच घरी तयार करून नेले तर हा खर्च बराच खाली येतो.

चिमणपाखरं
मुलांचं वेगळं सांगायला हवं, कारण थीमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तीच आणि हिशेब त्यांच्यासाठीच सगळ्यांत चुकतो.

चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला कथा लागत नाही, त्याला गोष्टी लागतात: दुमजली पलंग, कुलूप, गुप्त दार. लेगोलँडच्या हॉटेलांत खोलीत एक कुलूपबंद पेटी असते, खोलीतल्याच वस्तू मोजून तिचा आकडा शोधायचा. तेवढ्यात अर्धा तास मजेत जातो, आणि त्याला एकही कलाकार लागत नाही. सात ते अकरा हे वय पात्रांशी बोलायचं, निरोप पोचवायचं, शोध लावायचं. या वयासाठी महागडं पॅकेज खरंच कामी येतं. बारा-तेराच्या पुढे बरीच मुलं अनोळखी माणसासमोर भूमिका करायला लाजतात. त्यांच्यावर पैसे लावण्याआधी त्यांना सरळ विचारा.

खेळ भाड्यात धरलाय का तेही बघा. ग्रेट वूल्फ लॉजमध्ये वॉटरपार्क मुक्कामात येतो, पण जादूच्या छडीचा खेळ वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो हॉटेलभर पसरलेला असल्याने मुलांना येता-जाता दिसत राहतो. दोन मुलं असतील तर दोन छड्यांचा हिशेब आधीच करून ठेवा.

अंधार, धूर, अचानक आवाज यांची यादी लेखी मागा. रंगमंचावर वापरतात तो धूर बहुधा ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनचा असतो. दमा असलेल्या मुलाला त्याने खोकला येऊ शकतो. कुठल्या प्रसंगात सोडतात हे कळलं तर तेवढा वेळ दाराजवळ बसता येतं.

सरळमार्गी
बर्फाच्या रात्रीचं पटलं. जिथे दिवसाच्या तिकिटात गाभा मिळत नाही तिथे मुक्काम, एवढी सूट माझ्याकडून. कथेच्या हॉटेलांबद्दल अजून साशंक आहे. फोनवर आलेल्या संदेशांना उत्तरं देत बसणं याला अनुभव म्हणवत नाही.

नेपथ्य
तुमची शंका रास्त आहे. फोनवर चालणाऱ्या कथेत एक मूळचा दोष राहतो. ३०० माणसांना वेगवेगळ्या वाटांवर पाठवायचं तर नोंद कुठेतरी ठेवावी लागते, आणि ती फोनमध्ये ठेवणं सगळ्यांत स्वस्त. पण निवड नोंदली गेली नाही की त्या पाहुण्याला पुढचं आमंत्रणच येत नाही, आणि त्याला कळतही नाही की आपण काही चुकवलं. तो समजतो, कथाच एवढी होती.

यावर उपाय पाहुण्याच्या हातात आहे. पहिल्या संध्याकाळी ज्या पात्राशी तुमचं जमेल त्याला तुमचं नाव आणि तुम्ही कुणाच्या बाजूने आहात ते स्पष्ट सांगा. चांगले कलाकार चेहरे लक्षात ठेवतात आणि यंत्रणेत नोंद नसली तरी तुम्हाला आत ओढतात. कुटुंबातल्या दोघांनी दोन वेगळ्या बाजू घ्या, म्हणजे एकाची वाट तुटली तरी दुसऱ्याच्या मागे जाता येतं. दिवसभर फोन उघडा लागतो, तेव्हा १०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्येकी एक.

पागोळी
सगळ्यांचे आभार, खूप कामाचं मिळालं. एक शेवटचा प्रश्न. बुकिंग झालेलं आहे, पैसे परत मिळत नाहीत, दोन रात्री आहेत. पोचल्यावर पहिल्या तासात काय करावं?

उंबरठा
सामान सोडण्याआधी खोली तपासा, २० मिनिटं लागतात. सगळे दिवे, पडद्यावरची खिडकी, आवाजाचं बटण, एसी, गरम पाणी, आणि पलंगात प्रत्येकाने एकदा आडवं होऊन बघणं. काही बिघडलेलं असेल तर ताबडतोब स्वागतकक्षाला कळवा आणि फोटो काढून ठेवा. प्रोजेक्टर आणि आवाजाची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ बहुतेक दिवसपाळीत असतात. संध्याकाळी सहानंतर कळवलं तर जो येतो तो गाद्या-नळ बघणारा असतो, तो फार तर प्लग काढून परत लावतो. दुपारी चारला कळवलेली खोली बदलून मिळण्याची शक्यता असते, रात्री नऊला सगळ्या भरलेल्या असतात.

मग वेळापत्रक मागा, छापील असलं तर उत्तम. एकाच वेळी होणारे दोन प्रसंग दिसतील, त्यांतला कोणता दुसऱ्या दिवशी परत होतो ते विचारा आणि जो परत होत नाही तो आधी धरा. जेवणाच्या दोन पंगती असतील तर पहिली घ्या. दुसरी पंगत संपेपर्यंत रात्रीचा मोठा प्रसंग सुरू झालेला असतो, आणि मागून आलेल्यांना खांबाआडची जागा मिळते.